म्हैस परत नेली तो दिवस

घरात तिला सगळे म्हैसच म्हणत. नाव ठेवलेलं धाकटीच्या बापाने, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लिफ्टवाल्यानेच. शाळेने धाकटीला सरावासाठी डबल बेस दिला होता. माणसाहून उंच वाद्य, व्हायोलिनचा जणू पणजोबाच. पहिल्या दिवशी ते दारातून आत येईना. लिफ्टवाल्याने दार बिजागऱ्यांतून काढलं, वाद्य आडवं करून आत घेतलं, घाम पुसला आणि म्हणाला, "आता ही म्हैस बांधायची कुठे?" तेव्हापासून म्हैस बाहेरच्या खोलीत, खिडकी आणि कपाटाच्या मधल्या कोपऱ्यात उभी होती. तिच्यामुळे कपाटाचं एक दार पुरतं उघडत नसे. घरातली माणसं अर्ध्या दारातून हात घालून चाचपत कपडे काढायला शिकली होती. थोरली नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिची खाट निघाली, पण म्हैस जागची हलली नाही.

गेल्या काही दिवसांत मात्र घरात कुणी हसून म्हैस म्हटलं नव्हतं.

झालं होतं असं. पुढच्या वर्षी धाकटी वरच्या वर्गात जाणार होती आणि तिथे विषय निवडायचे होते. गणित, रसायन, दोन भाषा, सगळं बिनबोभाट बसलं. घोडं अडलं एकाच जागी. शाळेच्या वेळापत्रकात संगीत आणि भौतिकशास्त्र एकाच तासाला होतं. एक धरायचं तर दुसरं सोडायचं. शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत पालकाने जातीने येऊन काय ते सांगायचं होतं.

लिफ्टवाल्याच्या मनात काही अडलेलंच नव्हतं. त्याचं उभं आयुष्य लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात, केबिनच्या टपावर उभं राहून वंगणाने हात काळे करण्यात गेलं होतं. कंपनीतून अधूनमधून नकाशे घेऊन माणसं येत. त्यांचे हात स्वच्छ असत. ती खालच्या मजल्यावरून विचारत, "झालं का हो?" आणि हा वरून ओरडे, "होतंय, साहेब!" आपली धाकटी एक दिवस तो नकाशा काढणारी होणार, हे त्याने ती चौथीत असतानाच ठरवून टाकलं होतं. भौतिकशास्त्र नसेल तर त्या शिक्षणाचं दार बंद, हेही त्याने चार ठिकाणी विचारून पक्कं करून घेतलं होतं.

धाकटीला संगीत हवं होतं. ती भांडली नाही, रडली नाही. तिने नुसतं सांगितलं, आणि रोज सांगत राहिली. त्याचाच त्याला जास्त ताप झाला. रडणाऱ्या पोरीची समजूत काढता येते. न रडणाऱ्या पोरीचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"तिच्या कलाने घ्या जरा," बायको म्हणाली. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात इस्त्रीला होती. दिवसभर चादरी सरळ करून आल्यावर घरातल्या सुरकुत्या तिला बघवत नसत.

"कलानेच घेतोय. म्हणून तर अजून काही बोललो नाही."

"बोलला नाहीत, पण भांडी कशी आपटताय ते ऐकतेय मी."

गुरुवारी संध्याकाळी त्याने तोड काढली. त्याच्या मते अगदी न्यायाची.

आता लिफ्टवाल्याला स्वतःच्या कानांचा फार अभिमान होता, आणि तो फुकाचा नव्हता. नादुरुस्त लिफ्टवर गेला की तो गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत डोळे मिटून उभा राही. मग एकेक भाग वेगळा करून ऐके. मोटर एकटी, पंखा एकटा, कप्पी एकटी. जोडीदारांना तो सांगायचा, सगळं एकदम ऐकलं तर नुसता गोंगाट असतो, एकट्याला बोलायला लावलं की तो खरं बोलतो. असं करून त्याने अशी दुखणी शोधली होती की बाकीच्यांनी तोंडात बोटं घातली होती.

"वाजव," तो धाकटीला म्हणाला.

"काय वाजवू?"

"शाळेच्या कार्यक्रमात वाजवणार आहेस तेच. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मी ऐकतो, मग ठरवू. उद्या कुणी म्हणायला नको, बापाने न ऐकताच निकाल दिला."

धाकटीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. ती हो म्हणत होती की नको, ते तिचं तिलाच ठाऊक. धाकटी उठली, म्हशीवरची खोळ काढली, तारा लावून घेतल्या, गज हातात घेतला आणि ताठ उभी राहिली.

आणि नुसतीच उभी राहिली.

लिफ्टवाला वाट बघत होता. गज तारेपासून वीतभर लांब. धाकटीची नजर समोरच्या भिंतीवर, ओठ अगदी किंचित हलत होते. स्वयंपाकघरातल्या नळाचं टिपटिप ऐकू येऊ लागलं. लिफ्टवाल्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने जमिनीकडे.

"विसरलीस का?" त्याने हळूच विचारलं.

धाकटीने ओठ न थांबवता मान हलवली. नाही. मग एकदम गज तारेवर उतरला आणि खोलीतून एक खोल, जाड आवाज गेला. धुम्म. कपाटाचं अर्धं दार थरथरलं. पुन्हा शांतता. पुन्हा ओठांची हालचाल. मग धुम, धुम, धुम, धुम, एकाच उंचीवर, एकाच चालीत, पायऱ्या उतरल्यासारखं. मग पुन्हा ती उभी. असं बराच वेळ चाललं. शेवटी एक लांबलचक सूर काढून तिने गज खाली घेतला. कपाळावर घाम होता.

"झालं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"झालं."

"हे गाणं आहे?"

"ही माझी बाजू आहे. गाणं व्हायोलिनकडे असतं."

"मग तुझ्याकडे काय असतं?"

धाकटीने गज दुसऱ्या हातात घेतला.

"अगं, अर्धा वेळ तर तू नुसती उभी होतीस."

"मी मोजत होते."

"मोजायला गणिताचा तास आहे की!"

हा विनोद होता. एरवी घरात अशा विनोदाला निदान बायको तरी नाकातून हसायची. आज ती म्हणाली, "अहो." एवढंच. तिथे त्याने थांबायला हवं होतं. पण न्याय करायला बसलेल्या माणसाला निकाल दिल्याशिवाय उठवत नाही.

"हे बघ पोरी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच मऊ होता, "मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही. एवढी वर्षं झाली, अजून एक सलग गाणं वाजत नाही. मेहनतीत तू कमी पडत नाहीस, ते दिसतंय मला. पण यात तुझं काही नाही."

धाकटीने गज पुसला. फार सावकाश पुसला. मग म्हशीला खोळ घातली आणि खालपर्यंत बंद लावले.

"उद्या हिला शाळेत पोचवा," ती म्हणाली. "कंपनीची गाडी असतेच ना तुमच्याकडे. मला घरात नको."

"आणि विषयाचं?"

"सांगा तुम्हाला सांगायचं ते."

ती आत गेली आणि तिने दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. लिफ्टवाल्याला दार आपटण्याचा आवाज समजतो. हळूच लागलेल्या दाराचा त्याला काही अर्थ लावता येईना.

"जिंकलात," बायको म्हणाली.

"यात जिंकायचं काय आहे? तिच्याच भल्याचं आहे."

"मग तोंड का असं पडलंय तुमचं?"

तो उठला आणि स्वयंपाकघरातला नळ घट्ट करायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी डबा न घेताच निघून गेली. डबा ओट्यावर तसाच राहिला. लिफ्टवाल्याने तो उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि म्हशीला खांद्यावर घेऊन जिना उतरू लागला.

खाली गाडीजवळ त्याचा जोडीदार उभा होता. त्याला सगळे पाना म्हणत, कारण कामाच्या ऐन वेळी त्याचा पाना कधीच सापडत नसे. माणूस निवृत्तीला आलेला, पण जिभेला अजून गंज चढला नव्हता. खोळीतली ती लांबलचक वस्तू बघून त्याने टोपी काढली.

"कोण गेलं?"

"गप रे. पोरीचं वाद्य आहे. शाळेत परत द्यायचंय."

"सोडतेय?"

"सोडतेय."

"सोडतेय का सोडवलंस?"

लिफ्टवाल्याने गाडी सुरू केली. थोडं अंतर गेल्यावर त्याने काल काय झालं ते सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण गाडीत पान्याशेजारी बसून पोटात काही ठेवणं अवघड. पाना खिडकीतून बाहेर बघत ऐकत होता. मग तो फिसकन हसला.

"एकटीला उभं करून ऐकलंस?"

"मग? दुसरं कसं ऐकणार?"

"तू ब्रेक कधी एकटा ऐकलायस का रे? चांगला ब्रेक गप्पच असतो. त्याचा आवाज यायला लागला तर आपण पहिले जिन्याकडे पळतो."

"ब्रेकची गोष्ट वेगळी."

"वेगळी म्हणजे वेगळीच! ब्रेक डबा विसरून जात नाही." पान्याने मागे पडलेल्या पिशवीकडे हनुवटीने खूण केली.

लिफ्टवाल्याने मागे न बघता गाडी दामटली. पण काटा आत गेला तो गेलाच.

दुपारी लवकर शाळेत पोचायचं त्याने ठरवलं होतं. पण एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आणि आत एक बाई बाजाराच्या पिशव्या घेऊन. ती बाहेर निघाली, पिशव्या निघाल्या, तिने दोघांना मनसोक्त ऐकवलं, तोवर दिवस कलायला लागला होता. लिफ्टवाल्याचे हात काम करत होते आणि डोळे सारखे मनगटाकडे जात होते. कचेरी बंद झाली तर पुढचं वर्ष कुठल्या तरी उरल्यासुरल्या विषयाला बांधलं जाणार. शाळेच्या फाटकाशी त्याने गाडी जमेल तशी उभी केली.

आधी कचेरीत जावं असं त्याला वाटलं. पण खांद्यावर म्हैस घेऊन कचेरीत कसं शिरायचं? म्हणून दोघांनी धरून ती वरच्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या संगीताच्या खोलीपर्यंत नेली. पाना धापा टाकत म्हणाला, "मी खाली गाडीत बसतो, भलत्या जागी लावलीये," आणि सटकला.

खोलीत तालीम चालू होती. खुर्च्या, कागद ठेवायच्या लोखंडी घोड्या आणि पोरंच पोरं, पाय ठेवायला जागा नाही. मधे एक किडकिडीत सर, कानामागे पेन्सिल खोचलेली. लिफ्टवाल्याला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलात? बरं झालं. ती कुठेय?"

"म्हणजे? ती इथे नाही?"

"नाही. मला वाटलं आजारी आहे."

व्हायोलिनवाली एक मुलगी म्हणाली, "सर, ती प्रयोगशाळेत गेलीये. भौतिकच्या ओळखीच्या तासाला."

ते ओळखीचे तास त्याच आठवड्यात होते. विषय घेण्याआधी पोरांनी एकदा बसून बघावं म्हणून. धाकटीने सोमवारीच सांगितलं होतं, मी जाणार नाही. आता ती गेली होती. लिफ्टवाल्याला हायसं वाटायला हवं होतं. पण छातीत काहीतरी खाली गेलं, दोर सुटल्यासारखं.

"म्हणजे ठरलं तुमचं," सर म्हणाले.

"कचेरीतच निघालोय."

"बरं." त्यांनी आणखी काही विचारलं नाही. "ते वाद्य तिकडे कोपऱ्यात ठेवा. जपून. चला रे, शेवटचा भाग. पुन्हा."

लिफ्टवाला कोपऱ्यात पोचला. तिथे शाळेतलं दुसरं डबल बेस भिंतीला टेकून उभं होतं आणि त्याच्यापुढची जागा मोकळी होती. म्हैस ठेवून तो वळला, तेवढ्यात वादन सुरू झालं आणि परत जायची वाट गजांनी आणि कोपरांनी बंद झाली. कुणाला ढकलल्याशिवाय निघता येईना. तो त्या मोकळ्या जागेतच अंग चोरून उभा राहिला.

सुरुवात गोड होती. हेच ते गाणं, व्हायोलिनकडे असलेलं. त्याच्या मनात आलं, हे तर छान आहे. पण थोडं पुढे गेल्यावर त्याची मान आपोआप वर झाली. काहीतरी सरकत होतं. व्हायोलिन किंचित पुढे निघाली होती, बासऱ्या किंचित मागे. कुणी एक चुकत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता, आणि तरी सगळं मिळून डुलायला लागलं होतं, रुळाला धरणारे जोड झिजले की केबिन डुलते तसं. मग एका ठिकाणी सगळे हळू झाले, आणि मागचा तुतारीवाला मुलगा नको तिथे खणखणीत घुसला. सगळं कोसळलं.

"थांबा!" सर म्हणाले. "मोजा जरा. पुन्हा."

पुन्हा. त्याच जागी, तशीच तुतारी, तशीच पडझड.

"अरे, काय झालंय तुला?"

"सर, मी तिच्याकडे बघून शिरतो," तुतारीवाल्याने रिकाम्या जागेकडे बोट केलं, आणि तिथे एक मिशीवाला, वंगणाने माखलेला माणूस उभा असलेला बघून तो गडबडला. "म्हणजे, ती मान हलवते ना, तेव्हा."

"मग तू स्वतः मोज."

"मोजतो सर. पण माझं मोजणंच पळतं."

पोरं हसली. सर हसले नाहीत. लिफ्टवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भिंतीकडे बघत हलणारे ओठ त्याच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्या ओठांना आपण काय विचारलं होतं तेही.

सरांनी पोरांना पाणी प्यायला सोडलं. वाट मोकळी झाली, पण लिफ्टवाल्याचे पाय निघेनात.

"सर, एक विचारू? खरं सांगा. यात तिचं कितपत आहे?"

सरांनी पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा खोचली. "मोठी वादक होईल की नाही, मला सांगता यायचं नाही. कुणालाच यायचं नाही. पण ती उभी असली की बाकीची पोरं चुकत नाहीत. एवढं मी बघितलंय." ते घोडीवरचे कागद सारखे करू लागले. "ती गेली तर मी दुसरं कुणी तयार करीन. वर्ष जाईल. तुम्ही त्यासाठी अडून राहू नका. ओझं तिच्यावर टाकायला मला आवडणार नाही."

लिफ्टवाला बाहेर पडला आणि व्हरांड्यातून जवळजवळ पळत सुटला. जिना उतरून खालच्या व्हरांड्यात आला तर समोरून धाकटी येत होती. वही छातीशी धरलेली. त्याला बघून ती जागीच थांबली. व्हरांड्याच्या टोकाला कचेरीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतला कारकून खिडक्या लावत होता.

"सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही अजून. वर गेलो होतो. म्हैस द्यायला." त्याचा श्वास लागला होता. "ते सगळे कोसळतात गं तुझ्याशिवाय."

"ठाऊक आहे मला."

"मग काल बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही ऐकलं होतं ना."

ती हे आवाज न चढवता म्हणाली. लिफ्टवाल्याने भिंतीला हात टेकला.

"चुकलो मी," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून घरात कुणी फारसे ऐकले नव्हते, त्यामुळे ते वाकडेतिकडेच बाहेर आले. "चल. मी आत जाऊन संगीत सांगतो. आत्ताच्या आत्ता."

त्याला वाटलं होतं, तिचा चेहरा उमलेल. ती म्हणाली, "नको."

"नको? का? रागाने भौतिक घेणार?"

"राग आहेच. पण तास चांगला होता, बाबा." ती वहीच्या कडेवर नख ओढत होती. "बाईंनी विचारलं, लिफ्टची मोटर एवढीशी, मग एवढी माणसं वर कशी जातात? कुणालाच येईना. मी म्हटलं, केबिनच्या मागे लोखंडाचं वजन असतं, ते खाली येतं म्हणून केबिन वर जाते. त्यांनी मला फळ्यावर काढायला लावलं. मग त्यांनी त्याचं गणित मांडलं, आणि ते... ते बरोबर आलं. किती जोर लागतो, सगळं. मला आणखी बसायचं होतं. घंटा झाली."

लिफ्टवाला तिच्याकडे बघत राहिला. हेच ऐकायला तो इतकी वर्षं कान लावून बसला होता. आता ते समोर आलं होतं, आणि त्याला धड हात पुढे करता येईना. त्याने हो म्हटलं तर कालचा निकाल कायम होत होता. नाही म्हटलं तर पुन्हा एकदा तोच ठरवत होता.

"मग काय घेणार?"

"माहीत नाही."

"अगं, कचेरी बंद होतेय!"

"दिसतंय मला! ओरडू नका."

कारकुनाने दारातून डोकं बाहेर काढलं. "कुणी राहिलंय का?"

"आहे, आहे!" लिफ्टवाला ओरडला.

धाकटीने त्याची बाही धरली. "बाबा, तुम्ही हो म्हणा आणि बाहेर थांबा. मी बोलते."

"पालकाने सांगायचं असतं."

"म्हणून म्हणते, हो म्हणा. काय, ते मी सांगते."

लिफ्टच्या कामात एक नियम असतो. एक जण बोगद्यात उतरला की वरच्याने बटणाला हात लावायचा नाही. आतल्याने हाक दिली तरच. वरच्याला कितीही वाटलं, आता झालं असेल, आता चालवून बघू, तरी हात मागे बांधून उभं राहायचं. लिफ्टवाल्याने हा नियम उभ्या जन्मात मोडला नव्हता. पण तो घरातही लागू होतो, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आत उपमुख्याध्यापिका बाई चष्मा पुसत बसल्या होत्या. "बोला. संगीत की भौतिक?"

"ही सांगेल," लिफ्टवाला म्हणाला. "ती सांगेल त्याला माझं हो आहे."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्याला एकदा नीट बघून घेतलं. "नक्की?"

"नक्की," तो म्हणाला, आणि बाहेर आला.

दाराला दुधी काच होती. आतले आवाज काचेतून अस्पष्ट येत होते आणि त्याच्यासारख्याच्या कानाला ते सहज लागले असते. म्हणून तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथे भिंतीवर शरीरातल्या हाडांचं चित्र होतं. ते तो बघत राहिला. आत वेळ लागत होता. एवढा का लागावा? एक शब्द तर सांगायचा. मधेच बाईंचा आवाज चढल्यासारखा वाटला. त्याचे पाय दाराकडे वळले, आणि त्याने ते परत वळवले. रागावून ती भौतिक घेईल आणि जन्मभर आपल्याला ऐकवेल. नाहीतर आपली दया येऊन संगीत घेईल आणि जन्मभर ऐकवणारच नाही. यातलं जास्त वाईट कोणतं, ते त्याला ठरवता येईना. त्याने हाडांच्या चित्रातल्या बरगड्या मोजायला घेतल्या आणि दोनदा मोजणं चुकलं.

दार उघडलं.

"संगीत घेतलं," धाकटी म्हणाली.

त्याने श्वास सोडला.

"आणि भौतिक सकाळच्या तुकडीत मागितलं. शाळा भरायच्या आधी तास असतो. पण ती तुकडी भरलीये. कुणी सोडलं तर मला जागा."

"आणि नाही सोडलं तर?"

"नाही सोडलं तर नाही."

एवढंच. लिफ्टवाल्याच्या डोळ्यांपुढून नकाशे, स्वच्छ हात, कंपनीचा वरचा मजला, सगळं सरकून गेलं. ते सगळं आता कुणा अनोळखी पोराच्या सकाळच्या झोपेवर टांगलेलं होतं. ओठांवर आलेलं त्याने महत्प्रयासाने गिळलं.

"बाई म्हणाल्या, थंडी पडली की दोघं-तिघं गळतात."

"थंडी पडायला अजून किती..."

"बाबा."

"बरं. गप्प बसतो." पण बसवेना. "विचार करून केलंस ना?"

"केला. मी भौतिक मागाहून शिकू शकते. उशीर होईल, तुम्हाला वाटतं तिथे कदाचित पोचणारही नाही. पण हे सगळे जण एका खोलीत मला पुन्हा मिळणार नाहीत." तिने वही बगलेत धरली. "आणि चुकलं तर माझं चुकेल. तुमचं नाही."

त्याने पिशवीतून डबा काढून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, धन्यवाद वगैरे काही म्हणाली नाही, आणि जिना चढू लागली. तो मागोमाग.

"आणि म्हैस?"

"सोमवारी न्या घरी. आज सरांकडे राहू दे."

संगीताच्या खोलीच्या दाराशी ती थांबली. आत पोरं पुन्हा खुर्च्यांवर बसत होती. तुतारीवाल्याने तिला बघून दोन्ही हात वर केले. "आली! आली रे!"

"मी इथे मागे उभा राहतो," लिफ्टवाला म्हणाला. "नुसता. सगळ्यांबरोबर कसं वाजतं ते ऐकतो एकदा."

"आज नको."

"का गं?"

"आज मी चुकणार आहे. हे बघा." तिने हात पुढे केला. बोटं थरथरत होती. ही थरथर तिने कचेरीत कुठे लपवली होती कोण जाणे. "तुम्ही ऐकताय म्हटल्यावर तर जास्तच."

त्याला म्हणायचं होतं, चुक की, मी काही बोलणार नाही. पण काल संध्याकाळीही तो हेच म्हणाला असता, आणि मग बोलला असता.

"मग कधी?"

"सांगेन," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

तो जिना उतरला, अंगण ओलांडलं आणि गाडीत येऊन बसला. पान्याने खिडकीची काच खाली केली होती आणि कोपर बाहेर काढून तो पेंगत होता.

"काय झालं रे?"

"घेतलं तिने संगीत."

"आणि तुझं ते नकाशाचं?"

"थंडीवर आहे."

पान्याला काही कळलं नाही, पण जोडीदाराचा चेहरा बघून त्याने पहिल्यांदाच पुढचा प्रश्न गिळला. वरच्या मजल्यावरून तारा लावल्याचे आवाज आले. मग सगळं शांत झालं. पान्याने कान टवकारले.

"सुरू होतंय वाटतं."

"काच वर कर," लिफ्टवाला म्हणाला.

"उकडतंय की."

"उकडू दे. कर वर."

पान्याने काच वर केली. लिफ्टवाल्याने गाडी सुरू केली, मोटर मुद्दाम जरा जास्तच घुमवली, आणि फाटकाबाहेर काढली.